टाइमशेअर डिस्नेचा, तरी पार्कात शिरायला वेगळं तिकीट! सदस्यत्वात काय काय असायला हवं होतं?

शाहूपुरीकर

मंडळी, विषय फ्लोरिडाचा आहे, पण वाद आमच्या घरात पेटलाय, म्हणून इथं टाकतोय.

धाकटी बहीण न्यू जर्सीत असते. तिनं आणि दाजींनी काही वर्षांपूर्वी डिस्ने व्हेकेशन क्लबचे दीडशे पॉइंट घेतले. यंदा लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. तिच्या पोरांच्या शाळेलाही त्याच सुमारास सुट्टी असते. तेव्हा आई, मी, आमची ही आणि मुलं, सगळ्यांनी यायचंच असा तिचा हट्ट. "खोलीची काळजी नको, खोली पॉइंटमध्ये बसते," म्हणाली. आम्ही खूश. मग तिनं तिकिटांचा आकडा सांगितला. आईनं माझ्या हातातला फोन घेतला आणि विचारलं, "अगं, घर तुझं म्हणतीस, मग अंगणात जायला पैसे कशाला?"

बहिणीला उत्तर सुचलं नाही. दाजींना सुचलं, पण ते आईला पटलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: टाइमशेअर म्हणजे रिसॉर्टात दरवर्षी काही दिवस राहायचा हक्क विकत घेणं. डिस्नेचा हा क्लब १९९१ साली सुरू झाला. आठवडा विकत घ्यायचा नाही, पॉइंट घ्यायचे. दरवर्षी तेवढे पॉइंट खात्यात येतात आणि खोलीचा आकार, रिसॉर्ट, हंगाम बघून कापले जातात. ज्या रिसॉर्टचे घेतलेत तिथलं बुकिंग ११ महिने आधी, बाकीच्यांचं ७ महिने आधी. उरलेले पॉइंट पुढच्या वर्षात ढकलता येतात, पुढच्या वर्षीचे उसनेही घेता येतात. वर दरसालची देखभाल फी. पण पार्कचं तिकीट यात कुठंच नाही.

बहिणीला आता क्लबला एक खरमरीत पत्र लिहायचंय. डिस्नेचं सदस्यत्व असलेले इथं कोणी आहेत का? नसले तरी चालेल, आपल्याकडचा टाइमशेअर घेऊन बसलेले भरपूर असतील. सदस्यत्वात काय मिळायला हवं होतं असं वाटतं, ते इस्कटून सांगा.

---

गंगावेशचा_गडी

तांबडा-पांढरा. बाकी काय बी नको. 😄

---

टाम्पातली_गारगोटी

शाहूपुरीकर, आम्हीही सदस्य आहोत. टाम्पाहून ऑर्लँडो, म्हणजे डिस्ने वर्ल्ड, दीड तासावर, त्यामुळे आमचं जाणं-येणं चालूच असतं. आधी आज काय मिळतं ते सांगते, म्हणजे पत्रात जे आधीच आहे तेच मागितलं जाणार नाही.

कंपनीकडून थेट घेतलेल्या सदस्यत्वावर वार्षिक पासची सोय आहे. डिस्ने वर्ल्डचे चार पास आहेत: पिक्सी डस्ट, पायरट, सॉर्सरर आणि इन्क्रेडी-पास. पहिले दोन फक्त फ्लोरिडात राहणाऱ्यांना. सॉर्सरर फ्लोरिडावाल्यांना आणि क्लबच्या सदस्यांना. इन्क्रेडी कुणालाही, पण महाग. म्हणजे न्यू जर्सीच्या तुमच्या बहिणीला सॉर्सरर मिळतो, तो केवळ क्लबमुळे. शिवाय काही हॉटेलांत आणि दुकानांत सवलत, एपकॉट पार्कात सदस्यांसाठी बसायचं लाउंज, बे लेक टॉवर रिसॉर्टच्या माथ्यावर आणखी एक. आणि 'मूनलाइट मॅजिक': ठराविक रात्री पार्क बंद झाल्यावर फक्त सदस्य आणि त्यांच्या पाहुण्यांसाठी उघडं ठेवतात, फुकट. हे मात्र झकास असतं, रांगाच नसतात. फक्त बुकिंग उघडलं की ऑनलाइन जी झुंबड उडते, ती महाद्वार रोडला दिवाळीच्या आदल्या दिवशीसुद्धा बघायला मिळणार नाही.

आता दुखणं. सॉर्सरर पास सदस्याला आणि त्याच्याच घरात राहणाऱ्या कुटुंबाला. कोल्हापूरहून आलेल्या आईला नाही, भावाला नाही. अमेरिकन माणूस चौघांचं कुटुंब घेऊन वर्षातून तीनदा जातो, त्याला पास परवडतो. आपण पाच वर्षांतून एकदा सगळं खटलं घेऊन जातो, आपल्याला सुटी तिकिटं. आणि गर्दीच्या दिवशी एका माणसाचं एका दिवसाचं तिकीट दीडशे डॉलरच्या वर जातं.

माझी मागणी सरळ आहे. पॉइंटवर जितक्या रात्री बुक केल्या, तितक्या दिवसांचं तिकीट खोलीत उतरलेल्या प्रत्येकाला निदान निम्म्या दरात. नातं विचारू नका, पत्ता विचारू नका. खोलीच्या बुकिंगवर नाव आहे ना? झालं.

---

फौंड्रीवाला

मी शिरोलीत लोखंड ओततो, पॉइंट-बिंट कळत नाही. साधा हिशेब मांडतो.

देखभाल फी पॉइंटमागं किती? बघितलं तर बहुतेक रिसॉर्टना ७ ते १० डॉलरच्या मधे. दीडशे पॉइंटचे हजार ते दीड हजार डॉलर, दरसाल. म्हणजे लाखाच्या आसपास किंवा वर. तुम्ही गेला तरी, नाही गेला तरी. ही घरपट्टी. घर घ्यायला घातलेले पैसे निराळेच. ते घरही कायमचं नाही, कराराला शेवटची तारीख असते. जुन्या रिसॉर्टांपैकी बऱ्याच ठिकाणचे करार जानेवारी २०४२ ला संपतात.

एवढं सगळं घेतल्यावर आत सोडायला मालक परत हात पुढं करतो. आईचं बरोबर आहे. दाजींना सांगा, उत्तर शोधू नका.

---

परत_आलेला

थोडं उलट बोलतो, राग मानू नका.

तिकीट 'फुकट' कधीच मिळत नसतं. सदस्यत्वात घातलं तर पैसे फीमधूनच काढणार. क्लबची तीन रिसॉर्टं तर पार्कांपासून लांब समुद्रकाठी आहेत: फ्लोरिडातलं व्हेरो बीच, साउथ कॅरोलिनातलं हिल्टन हेड आणि हवाईतलं औलानी. तिथं घेणाऱ्यानं मिकीच्या तिकिटाचे पैसे का भरायचे? आमचे एक सदस्य मित्र ऑर्लँडोला जाऊनही पार्कात जात नाहीत. पोहण्याच्या तलावावर पुस्तक घेऊन पडतात, संध्याकाळी डिस्ने स्प्रिंग्ज या बाजारपेठेत चक्कर मारतात, तिथं तिकीट लागत नाही. त्यांना विचाराल तर ते म्हणतील, आहे ते उत्तम आहे.

सगळ्यांना सक्तीनं तिकीट म्हणजे सगळ्यांची फी वाढ. ज्याला हवं त्यानं घ्यावं, हीच पद्धत ठीक आहे.

---

टाम्पातली_गारगोटी

परत_आलेला, मुद्दा खरा आहे, पण सक्ती कोण म्हणतंय? मधला रस्ता आहे.

आमच्याकडं दरवर्षी थोडे पॉइंट उरतात. कधी आठ, कधी बारा. त्यात सहसा एक रात्रही बसत नाही. पुढच्या वर्षात ढकलायचे तर ठराविक मुदतीच्या आत, नाहीतर ते जळतात. आता बघा, पॉइंट कमी पडले तर क्लब सदस्याला वर्षाला २४ पर्यंत पॉइंट एकदाच वापरायला रोखीनं विकतो. मग उरलेले परत का घेत नाही? घ्या ते दहा पॉइंट आणि द्या एका माणसाचं एक दिवसाचं तिकीट. कुणाची फी वाढत नाही, कुणावर सक्ती नाही. पत्रात मी हे सगळ्यात वर लिहीन.

---

रुईकर_कॉलनी

+१ उरलेल्या पॉइंटना.

माझी मागणी किरकोळ आहे, पण मनापासून: कुकर. मागं नणंदेकडं गेलो होतो तेव्हा अशाच एका टाइमशेअरमध्ये उतरलो होतो, कुठला ते जाऊ दे. स्वयंपाकघरात वाइनचे ग्लास चार प्रकारचे आणि भात शिजवायला एक धड पातेलं नाही. डिस्नेवाल्यांच्याकडं काय असतं?

---

टाम्पातली_गारगोटी

स्टुडिओत फक्त मायक्रोवेव्ह, छोटा फ्रीज, टोस्टर असली सोय. एक बेडरूमच्या व्हिलापासून पुढं पूर्ण स्वयंपाकघर, शेगडीसकट, आणि कपडे धुवायचं-वाळवायचं मशीन खोलीतच. कुकर कुठंच नसतो. आम्ही गाडीत घालून नेतो. पहिल्या शिटीला शेजारचे दार उघडून बघतात.

शाहूपुरीकर, तुम्ही एवढी माणसं असाल तर स्टुडिओचा विचारच नको. त्याला पॉइंट कमी लागतात म्हणून बहीण मोहात पडेल. आईला सकाळी चहा आणि मऊ भात आपल्या हातानं करता आला तर निम्मी सहल तिथंच सुखाची होते. कांदा-लसूण मसाला बिनधास्त आणा, पण खाण्याचं सामान आहे हे विमानतळावर आपणहून सांगा. सुकं मटण मात्र बॅगेत घालू नका, मांस आणि ताजी फळं ते आत येऊ देत नाहीत.

---

गंगावेशचा_गडी

म्हंजे मसाला आपला, कुकर आपला, आणि मटण त्यांचं. मग पांढरा रस्सा होतोय की! नाद खुळा.

---

ताराबाई_पार्क

मी साठी ओलांडलेली आहे. लेक तिकडे असल्यामुळे डिस्ने वर्ल्ड बघून आले आहे. इथे सगळे तिकिटाच्या दराबद्दल बोलत आहेत. तिकीट कुणाचं, हे कुणी विचारत नाही, म्हणून लिहिते.

त्यांच्याकडे तीन वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना थोडं कमी. दहाव्या वर्षी माणूस मोठा होतो आणि मग नव्वदीपर्यंत तेच तिकीट. ज्येष्ठांना सवलत नाही. आपल्याकडे वंडरलासारख्या पार्कात ज्येष्ठांचा वेगळा दर असतो, तिथे नाही.

मी त्या पार्कात काय केलं सांगू? सामान राखलं. नातवंडं आणि त्यांचे आईबाप एव्हरेस्टच्या राइडला जात, मी बाकावर. कुणाच्या टोप्या, कुणाचे चष्मे, दोन पाण्याच्या बाटल्या, एक झोपलेलं लेकरू. हे ॲनिमल किंग्डममधलं एव्हरेस्ट. हिमालयातलं म्हणून उभं केलेलं आहे, आत यती आहे म्हणतात. मी बाहेरून पाहिलं, छान आहे. लहान मूल घेऊन एक मोठा माणूस थांबला तर नंतर त्याला पुन्हा रांग न लावता सोडतात, 'रायडर स्विच' म्हणतात. पण ती सोय ज्याला नंतर बसायचंय त्याच्यासाठी. ज्याला बसायचंच नाही, त्याच्यासाठी काही नाही.

वाईट वाटलं असं नाही. नातवंडांची तोंडं बघायला मिळाली, मिरवणूक बघितली, संध्याकाळची आतषबाजी बघितली. पण लेकानं माझ्यासाठी जेवढे पैसे भरले तेवढेच एका पंचविशीतल्या पोरानं भरले असतील आणि तो दिवसभरात पंधरा राइड करून गेला असेल. मी लेकाला म्हटलं, उद्या मला रिसॉर्टवरच राहू दे. तो ऐकेना. "तिकीट काढलंय, आई." मग परत बाकावर.

म्हणून माझी मागणी: टाइमशेअरवाल्यांच्या घरच्या म्हाताऱ्यांना 'न बसणाऱ्यांचं' तिकीट. मिरवणूक, खेळ, नाटकं, जेवणखाण, बाकडी आणि बोटीत बसण्याइतकं. मोठ्या राइडच्या दारात चालणार नाही, असं हवं तर त्यावर लिहा. दर निम्म्याहून कमी ठेवा. शाहूपुरीकर, तुमच्या बहिणीच्या पत्रात एवढं एक घाला, माझ्या नावानं घातलंत तरी चालेल.

---

रुईकर_कॉलनी

काकू 🙏 हे वाचून सासूबाईंना दाखवलं. त्या म्हणाल्या, "मी कणेरी मठात सुखी आहे."

खरंच, सिद्धगिरीच्या ग्रामजीवनात बारा बलुतेदारांची ती शिल्पं बघत त्या संपूर्ण फिरतात आणि वर आम्हालाच माहिती देतात. राइड नाही, म्हणून कुणी मागं पडत नाही.

---

शाहूपुरीकर

ताराबाई पार्क, मावशी, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्यानं वाचून दाखवला. आई म्हणाली, "बघ, शहाणी बाई आहे." आता पत्रात हाच मुद्दा पहिला राहणार, टाम्पाताई माफ करा.

---

नोटरी_बिंदू_चौक

पत्र लिहिण्याआधी एक गोष्ट बहिणीच्या कानावर घाला. वकिली सवय, इलाज नाही.

या सदस्यत्वात दोन वेगळ्या गोष्टी एकाच पाकिटात येतात आणि विकणारा त्या वेगळ्या करून दाखवत नाही. एक, पॉइंट. ही मालमत्ता आहे, करारात आहे, शेवटच्या तारखेपर्यंत तुमची. दुसरी, बाकीचे सगळे लाड: पासची सोय, लाउंज, मूनलाइट मॅजिक. हे करारातल्या हक्कात नाही. हे फायदे केव्हाही बदलता येतील, बंद करता येतील, असं त्यांच्याच कागदात छापलेलं असतं.

आणि बंद करतात, बरं का. विमानतळावरून हॉटेलला नेणारी डिस्नेची मोफत बस होती, मॅजिकल एक्स्प्रेस. २०२२ उजाडलं आणि ती बंद झाली. राइडची रांग टाळायची फास्टपास सोय फुकट होती. करोनानंतर ती परत आलीच नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये जिनी प्लस नावानं पैसे लावले, जुलै २०२४ मध्ये नाव बदलून लाइटनिंग लेन मल्टी पास केलं, पैसे तसेच. या दोन्ही सोयी क्लबच्या नव्हत्या, डिस्नेच्या सगळ्या पाहुण्यांच्या होत्या. पण सदस्यानं घर घेताना त्या हिशेबात धरलेल्याच असतात की.

क्लबमध्येही तेच. सेकंडहँड, म्हणजे जुन्या सदस्याकडून पॉइंट घेतले तर स्वस्त पडतात. एप्रिल २०१६ पासून अशा नव्या खरेदीदारांना ते लाड मिळणं बंद झालं. १९ जानेवारी २०१९ पासून तर पुढची पायरी: जुन्या १४ रिसॉर्टांचे पॉइंट त्यानंतर सेकंडहँड घेतले तर ते रिव्हिएरासारख्या नव्या रिसॉर्टमध्ये चालत नाहीत. पॉइंट तेच, रक्कम भरणारा वेगळा, म्हणून हक्क वेगळे.

तेव्हा पत्रात "हे द्या, ते द्या" अशी यादी लिहून उपयोग नाही. मिळालं तरी पुढच्या वर्षी काढून घेतील. मागायचंच असेल तर एकच मागा. जो फायदा सांगून विकलं, तो किती वर्षं टिकेल ते लेखी द्या. पाच वर्षं म्हणा, दहा म्हणा. आजीचं तिकीट हवंच, पण ते करारात हवं.

---

फौंड्रीवाला

वकीलसाहेब, एवढं कळत असतं तर लोकांनी घेतलंच नसतं. 🙂

---

पन्हाळा_रोड

डिस्ने राहू दे, आपल्याकडचं बोलू जरा.

माझा टाइमशेअर देशी आहे, कंपनीचं नाव घेत नाही. कसा घेतला ते सगळ्यांना पाठ असेल: मॉलमध्ये कूपन भरलं, "अभिनंदन, सर" म्हणून फोन आला, हॉटेलात जोडीनं बोलावलं, जेवण दिलं आणि मग उठूच दिलं नाही. रंगांची नावं दिलेले हंगाम, वर्षाला सात दिवस, पंचवीस वर्षं. वार्षिक फी वेगळी, तिच्यावर १८ टक्के जीएसटी. मे महिन्यात खोली मागितली की "सर, वेटलिस्ट". जुलैत पावसात मागितली की लगेच.

मला वाटतं ते असं. आपल्या महाराष्ट्रात थीम पार्क आहे, खोपोलीचं इमॅजिका. २०१३ पासून चालू आहे, शेजारी हॉटेलही आहे. लोणावळ्याच्या आसपास टाइमशेअरवाल्यांची रिसॉर्टं आहेत. यांनी एकमेकांशी बोलायला काय हरकत आहे? तीन रात्री रिसॉर्ट, एक दिवस पार्क, सदस्यत्वातच. कोल्हापूरहून गाडीनं पाच-सहा तास, पोरं खूश. बेंगळुरूच्या वंडरलाशी असंच काही केलं तर आपल्याला रात्रीची बस पकडून सकाळी तिथं. आज होतं काय, तर रिसॉर्टमध्ये 'ॲक्टिव्हिटी' म्हणून हाउजी खेळायला लावतात.

---

गंगावेशचा_गडी

हाउजीत मला कढई मिळालीय. नावं ठेवू नका.

---

परत_आलेला

पन्हाळा_रोड, तुमच्या टाइमशेअरचा आरसीआय या अदलाबदल करून देणाऱ्या कंपनीशी करार असेल तर अदलाबदल शक्य असते, तुमचा आठवडा द्या आणि दुसऱ्या देशातला घ्या. डिस्नेचा क्लबही २०२१ पर्यंत आरसीआयमध्ये होता. २०२२ पासून तो इंटर्व्हल इंटरनॅशनल या दुसऱ्या तशाच कंपनीकडं गेला. म्हणजे तो दरवाजा आरसीआयवाल्यांना बंद झाला. विकणारे अजूनही मिकीचा फोटो दाखवत असतील तर त्यांना हे विचारा.

आणि शाहूपुरीकर, तारखांबद्दल कुणी बोललेलं दिसत नाही. न्यू जर्सीच्या शाळांना नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षकांच्या अधिवेशनाची गुरुवार-शुक्रवारची सुट्टी असते. सगळी जर्सी त्या आठवड्यात ऑर्लँडोला उतरते. डिस्नेवाल्यांच्या बोलण्यात त्याला 'जर्सी वीक' असं नावच आहे. तुमच्या बहिणीची सुट्टी तीच असणार. त्यात एपकॉटचा खाण्यापिण्याचा महोत्सव आणि लगोलग नाताळची सजावट सुरू. क्लबच्या खोल्या त्या दिवसांत सगळ्यात आधी संपतात.

---

टाम्पातली_गारगोटी

हे अगदी बरोबर. ८ नोव्हेंबरसाठी होम रिसॉर्टची, म्हणजे ज्याचे पॉइंट घेतलेत त्याची, ११ महिन्यांची बुकिंगची खिडकी डिसेंबरातच उघडून गेली. बहिणीनं तेव्हा बुक केलं नसेल तर आत्ता जे असेल ते धरून ठेवायला सांगा. बाकी रिसॉर्टांची ७ महिन्यांची खिडकी ८ एप्रिलला उघडेल, तिकडच्या सकाळी. त्या दिवशी तिनं लवकर उठून बसायचं. मिळालं नाही तर वेटलिस्ट लावायची, अनेकदा लागते.

यातूनच माझी आणखी एक मागणी निघते. आपल्या शाळा दिवाळीच्या सुट्टीची तारीख जूनमध्ये हातात देतात. दिवाळी कधी ऑक्टोबरात, कधी नोव्हेंबरात. अकरा महिने आधी खोली पक्की करायची म्हणजे आधी बुकिंग, मग शाळेशी भांडण. परदेशातले नातेवाईक असतील तर तारीख एकदा दंडाशिवाय पुढं-मागं करू द्या. हल्ली रद्द करायला गेलं तर दिवस जवळ आल्यावर पॉइंट अडकून पडतात.

---

शाहूपुरीकर

बहिणीला फोन केला. तिनं डिसेंबरातच खोली धरलीय, सॅराटोगा स्प्रिंग्ज, दोन बेडरूम, पुढच्या वर्षीचे पॉइंट उसने घेऊन. दाजी हुशार निघाले.

आता प्रश्न तिकिटांचा. आई म्हणते, मला एक दिवस पुरे, बाकी दिवस खोलीवर थांबते. पण दिवसभर खोलीत एकटी काय करणार? टाम्पाताई, तिकिटाशिवाय तिथं काही बघता येतं का?

---

टाम्पातली_गारगोटी

भरपूर! आणि हे कुठल्याही माहितीपत्रकात ठळक छापत नाहीत, कारण यातून त्यांना पैसे मिळत नाहीत.

मॅजिक किंग्डमसमोरच्या तळ्याभोवती रिसॉर्टांना जोडणारी मोनोरेल फिरते, तिला तिकीट नाही. आईंना खिडकीशी बसवा आणि चक्कर मारा, पार्कचा किल्ला लांबून दिसतो. बोटीही फुकट. सॅराटोगाहून डिस्ने स्प्रिंग्जला बोट जाते, चालतही जाता येतं. दुकानं, गाणी, गर्दी, हवं तेवढं बसा.

आतषबाजी पॉलिनेशियन रिसॉर्टच्या वाळूवरून दिसते. आत जाऊन गर्दीत मान वर करून उभं राहण्यापेक्षा मला तीच आवडते.

आणि एक सकाळ ॲनिमल किंग्डम लॉजला द्या. तिथं रिसॉर्टच्या मागच्या कुरणात जिराफ आणि झेब्रे मोकळे फिरतात, बघायला पार्कचं तिकीट लागत नाही. त्याच्या किडानी व्हिलेज भागात 'सनाआ' नावाचं उपाहारगृह आहे. तिथं नाना प्रकारचे नान आणि त्याबरोबर नऊ तऱ्हेच्या चटण्या-कोशिंबिरींसारखे प्रकार मिळतात. आफ्रिकी आणि आपली चव एकत्र आहे. जिराफ बघत आईंना नान खायला घाला. टेबल आधी बुक करा.

तिकीट ज्या एका दिवसाचं काढाल त्या दिवशी एपकॉट नको, मॅजिक किंग्डम काढा. एपकॉटला चालून चालून पाय जातात. तिथं तळ्याभोवती अकरा देशांची दालनं आहेत, चीन आहे, जपान आहे, मोरोक्को आहे, नॉर्वेसुद्धा आहे, भारत नाही. १९८८ मध्ये नॉर्वे आलं, त्यानंतर नवा देशच नाही. ही माझी शेवटची मागणी, पण ती टाइमशेअरवाल्यांची नाही, आपल्या सगळ्यांची.

बाकी एक सोय सगळ्यांनाच आहे: डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना रोज पार्क अर्धा तास आधी उघडतं. भारतातून आलेल्यांना ती कामाची, कारण जेटलॅगनं सगळे पहाटे तीनला टक्क जागे असतात. क्लबच्या व्हिलावाल्यांना ठराविक रात्री दोन तास जास्तही मिळतात, पण तेव्हा तुमची पोरं झोपेनं पडलेली असतील.

---

ताराबाई_पार्क

हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर! जिराफ आणि नान. लेकाला आजच पाठवते.

---

गंगावेशचा_गडी

मी पण येतो, सामान राखायला. तिकीट नको.

---

पन्हाळा_रोड

एक शंका. ज्यांच्याकडं ना बहीण ना पॉइंट, त्यांना अशा खोल्या भाड्यानं मिळतात का?

---

टाम्पातली_गारगोटी

मिळतात. सदस्य आपले पॉइंट भाड्यानं देऊ शकतो, धंदा म्हणून करायला बंदी आहे. रोखीच्या दरापेक्षा बरंच स्वस्त पडतं. पण बुकिंग सदस्याच्याच खात्यात राहतं, बदल किंवा रद्द तोच करणार. म्हणून ओळखीच्या माणसाकडूनच घ्या आणि अटी लिहून घ्या. वकीलसाहेब इथंच आहेत, मसुदा त्यांच्याकडून.

---

नोटरी_बिंदू_चौक

मसुदा करून देतो, फी पॉइंटमध्ये चालेल.

शाहूपुरीकर, या गडबडीत एक राहिलं: आईंचा व्हिसा आहे का? नसेल तर तिकीट, पॉइंट, नान हे सगळं नंतर. अर्जाची फी माणशी १८५ डॉलर, नाकारला तरी परत मिळत नाही, आणि मुंबईची तारीख कधी मिळेल ते आधी बघा.

---

शाहूपुरीकर

आईचा आहे, दहा वर्षांचा, भाचीच्या बारशाला गेली होती तेव्हाचा. आमचा चौघांचा नाही. आज रात्री फॉर्म भरायला बसतोय. फोटो दोन बाय दोन इंचांचा लागतो म्हणे, राजारामपुरीत कोण नीट काढून देतं?

---

रुईकर_कॉलनी

जनता बाजाराजवळ विचारा. चष्मा काढून बसा, नाहीतर परत काढायला लावतात.